परिसर विकास : घरातल्या डब्यापासून सोसायटीच्या खड्ड्यापर्यंत

हुंडाबळी, कौटुंबिक हिंसा, मुलींचे शिक्षण या प्रश्नांवर उभी राहिलेली स्त्री मुक्ती संघटना कचऱ्यात कशी शिरली, असे नवे कार्यकर्ते आजही विचारतात. संघटनेची स्थापना १९७५ ची, आंतरराष्ट्रीय महिला वर्षातली. शारदा साठे, ज्योती म्हापसेकर आणि त्यांच्या मैत्रिणींनी मुंबईत सुरू केलेल्या या कामाची पहिली ओळख महाराष्ट्राला झाली ती नाटकातून. ज्योतीताईंचे 'मुलगी झाली हो' १९८३ साली उभे राहिले आणि गावोगावच्या चौकांत, शाळांच्या पटांगणांत, कामगार वस्त्यांत पोचले. पुढे 'प्रेरक ललकारी' हे नियतकालिक आले, कुटुंब सल्ला केंद्रे आली. त्या सगळ्याचा इतिहास या स्मरणिकेत इतरत्र आहे. इथे लिहायचे आहे ते १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'परिसर विकास' प्रकल्पाविषयी आणि त्याच्या निमित्ताने शहरातल्या घराघरांत जी माणसे दोन डबे ठेवा म्हणून सांगत फिरली त्यांच्याविषयी.

प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मुंबईत कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्या बायांची. पुरुष भंगाराचे दुकान टाकतो, हातगाडी फिरवतो, वजनकाटा त्याच्या हातात असतो. उकिरड्यावर वाकलेली, पाठीवर गोणी घेतलेली असते ती बाई. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी कुटुंबे मुंबईत आली त्यांतली कितीतरी चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या वस्त्यांत थांबली. बहुतेक दलित, बहुतेक भूमिहीन. शिक्षण नाही, रेशनकार्ड नाही, ओळखीचा मुकादम नाही. ज्या कामाला भांडवल लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही असे एकच काम उरले होते. हातात लोखंडी आकडा घ्यायचा आणि देवनारच्या डंपिंगवर किंवा रस्त्यावरच्या कुंड्यांवर वेचायला जायचे. स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संघटनेने या बायांकडे पाहिले नसते तरच नवल होते.

पण या बायांचे आयुष्य बदलायचे तर हात कुठे घालायचा? बचत गट, आरोग्य तपासणी, साक्षरता वर्ग, मुलांची शाळा हे सगळे केले गेलेच. पुण्यात १९९३ पासून डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली होती. कचरा वेचणाऱ्या कामगार आहेत, भिकारी नव्हेत, हे तिथे ठामपणे मांडले गेले होते. मुंबईतही ओळखपत्रांची मागणी झाली. तरी एक गोष्ट या सर्वांच्या पलीकडे राहत होती. बाईच्या हाताला जी काच लागते, सुई टोचते, नासलेल्या आमटीत भिजलेला कागद येतो, ती काच, ती सुई आणि ती आमटी कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून निघालेली असते. तिथे कोणीतरी, बहुतेकदा दुसरी एक बाईच, सगळे एका पिशवीत कोंबून गाठ मारते. ती गाठ सुटल्याशिवाय वेचणारीचे काम माणसाचे होणार नाही. परिसर विकासाचा सगळा डोलारा या एका जाणिवेवर उभा आहे, असे मला वाटते. ओला आणि सुका कचरा वेगळा करणे हा स्वच्छतेचा विषय म्हणून शाळांत शिकवला जातो. संघटनेने तो दोन स्त्रियांमधल्या व्यवहाराचा विषय म्हणून मांडला.

शहराचे वारेही तेव्हा बदलत होते. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने नेमलेल्या असीम बर्मन समितीचा अहवाल १९९९ मध्ये आला आणि त्यातून २००० चे नागरी घनकचरा नियम निघाले. मुंबई महापालिकेने १९९७ पासून एएलएम, म्हणजे गल्ली-मोहल्ल्यातल्या रहिवाशांच्या समित्या, ही योजना सुरू केली होती. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी घालून दिलेला धडा त्यामागे होता. या समित्यांत निवृत्त बँक कर्मचारी होते, शिक्षिका होत्या, दुपारी मोकळ्या होणाऱ्या गृहिणी होत्या. त्यांना आपली गल्ली स्वच्छ हवी होती. परिसर विकासाकडे प्रशिक्षण घेतलेल्या बाया होत्या, त्यांना काम हवे होते. दोघांना जोडणे एवढेच करायचे होते, असे आज म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात ते जोडणे हेच सगळे काम होते.

दारोदार जाऊन सांगण्याचे काम बाहेरून दिसते तितके साधे नसते. बेल वाजवली की दार साखळीएवढे उघडते. वर्गणी मागायला आले असावेत असा पहिला समज. मग कचऱ्याविषयी बोलायचे आहे म्हटल्यावर दुसरा समज, की तक्रार घेऊन आले. त्यानंतर ठरलेले आक्षेप. आमच्याकडे जागा नाही. दोन डबे ठेवले तर झुरळे होतील. आम्ही वेगळा करून काय उपयोग, खाली गाडीवाला सगळे एकत्रच करतो. आमच्याकडे कचरा कामवाली टाकते, तिला सांगा. यातला तिसरा आक्षेप खरा होता आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केले. महिनाभर नेमाने वेगळा ठेवलेला कचरा गेटवर एकाच गाडीत पडताना ज्या घराने पाहिला ते घर पुन्हा दोन डबे ठेवायला तयार होत नाही. म्हणून चांगले स्वयंसेवक आधी खालची व्यवस्था लावायचे आणि मगच वरच्या मजल्यावर जायचे. सुका कचरा कोण नेणार, कोणत्या वारी नेणार, ओला कुठल्या खड्ड्यात जाणार, हे ठरल्याशिवाय बेल वाजवायची नाही. हा क्रम कोणत्याही पुस्तिकेत ठळक छापलेला नसतो, पण काम टिकते की विरते ते बहुधा त्यावरच ठरते.

चौथ्या आक्षेपाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. मध्यमवर्गीय घरात कचऱ्याला शेवटचा हात लागतो तो घरकामाला येणाऱ्या बाईचा. भाजी ती निवडते, भांडी ती घासते, ताटातले उरलेले ती काढते. सभेला येते घरमालकीण, डबा हाताळते दुसरीच. सोसायटीच्या हॉलमध्ये कितीही उत्तम व्याख्यान दिले तरी ते तिच्यापर्यंत पोचत नाही. जिथे घरकाम करणाऱ्या बायांना वेगळे बसवून, त्यांच्या वेळेत, दुपारी दोन कामांच्या मधे, समजावले गेले तिथे वर्गीकरण पटकन रुळले. यात आश्चर्य नाही. त्यांच्यातल्या अनेकींची आई, सासू किंवा नणंद स्वतः वेचायला जात होती. काच कागदात गुंडाळून वेगळी द्यावी, सॅनिटरी पॅड उघडे टाकू नये, हे त्यांना एकदाच सांगावे लागले.

दारावरच्या बोलण्यात जे सगळ्यात जास्त उपयोगी पडले ते म्हणजे कचरा नेणाऱ्या बाईला सोबत घेऊन जाणे. पर्यावरण, ओझोन, भूजल हे शब्द ऐकताना समोरचा मान हलवतो. तीच मान परिसर भगिनी आपल्या तळहातावरचे व्रण दाखवते तेव्हा हलत नाही, माणूस ऐकत राहतो. 'परिसर भगिनी' हे नाव संघटनेने प्रशिक्षण घेतलेल्या महिलांना दिले. निळा-हिरवा असा डब्यांचा रंग लोक विसरतात, पण रोज दारात येणाऱ्या बाईचे नाव कळले की पिशवीची गाठ मारताना हात थांबतो. आणि तिचा यात रोखीचा संबंध असतो. कोरडा पुठ्ठा, कोरडा कागद, धुतलेली दुधाची पिशवी यांना भंगारवाला जो भाव देतो तो भिजलेल्या मालाला देत नाही. घरात दूधपिशवी पाण्याखाली धरायला पाच सेकंद लागतात. त्यातून तिच्या गोणीचा भाव वाढतो. हा हिशेब गृहिणींना चटकन पटला, कारण वर्षानुवर्षे रद्दी विकताना त्यांनी स्वतः तोच केला होता.

आता खड्ड्याविषयी. परिसर विकासाच्या प्रशिक्षणात खत तयार करणे हा मोठा भाग होता आणि स्वयंसेवकांनाही सगळ्यात जास्त शिकावे लागले ते इथेच. ओला कचरा वेगळा करणे म्हणजे अर्धे काम. तो कुजवणे आणि तोही शेजाऱ्यांनी नाक न दाबता, हे उरलेले अर्धे. सोसायटीच्या मागच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीलगत, विटांचे हौद बांधायचे. विटांमध्ये फटी ठेवायच्या, म्हणजे हवा खेळते. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काटक्या, म्हणजे पाणी निथरते. त्यावर ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर सुक्या पाचोळ्याचा थर, पुन्हा ओला, पुन्हा पाचोळा. विरजण म्हणून आंबट ताक, शेणकाला किंवा आधीच्या खड्ड्यातले थोडे अर्धे मुरलेले खत. तीन-चार दिवसांनी वरखाली करायचे. चांगले जमले तर आतला भाग हाताला चटका बसेल इतका तापतो. या उष्णतेने माश्यांच्या अळ्या आणि तणाच्या बिया मरतात. दोन-तीन महिन्यांत खत चाळून घेता येते. शंभर किलो ओल्या कचऱ्याचे पंधरा-वीस किलो खत हातात येते, बाकीचे पाणी आणि वायू होऊन जाते.

कुजण्याचे शास्त्र थोडक्यात असे, की भाजीपाल्यात, शिळ्या अन्नात नत्र आणि पाणी जास्त, पाचोळ्यात कर्ब जास्त. नत्राच्या पंचवीस ते तीसपट कर्ब असला की जिवाणूंचे काम सुरळीत चालते. पाचोळा कमी पडला की खड्डा ओला होतो, हवा कोंडते, वास सुटतो आणि कमिटीची बैठक बोलावली जाते. मुंबईत पहिल्या वर्षी बंद पडलेले खड्डे बहुधा पावसाळ्यात बंद पडले. जूनपासून चार महिने सुके पान मिळत नाही आणि कचऱ्यात मात्र पाणी दुप्पट. अनुभवाने एक उपाय सापडला, तो आता सगळीकडे रूढ आहे. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत झाडलेला पाचोळा जाळायचा नाही, गोण्या भरून जिन्याखाली किंवा शेडमध्ये ठेवायचा आणि पावसाळाभर पुरवायचा. पर्जन्यवृक्षाची बारीक पाने लवकर मोडतात, आंब्या-फणसाची जाड पाने वर्षभरही तशीच राहतात, त्यामुळे ती आधी पायाखाली चुरडून घ्यायची. या बारकाव्यांत परिसर भगिनी स्वयंसेवकांच्या पुढे होत्या. यांतल्या कितीतरी जणी गावी शेतावर राबलेल्या. उकिरडा कसा मुरतो, शेणखत कधी तयार होते, हे त्यांना शिकवावे लागले नाही. मूठभर खत दाबून पाणी ठिबकते का ते पाहण्याची रीत त्यांच्या हातात आधीपासून होती. ज्यांना शहराने अडाणी ठरवले होते त्या इथे सोसायटीच्या इंजिनिअर सेक्रेटरींना धडे देत होत्या. या प्रकल्पाचे मोल ठरवताना मला ही गोष्ट खताच्या वजनाहून मोठी वाटते.

अडचणी मात्र रोजच्या असत. घुशी हौदाखाली बिळे करायच्या, त्यासाठी तळाला आणि झाकणाला बारीक जाळी लावावी लागे. मासे आणि मटणाची हाडे टाकावीत की नाहीत यावर वाद व्हायचे आणि त्या वादात खाण्यापिण्यावरून एकमेकांना बोलण्याची संधीही काही जण साधून घ्यायचे. खोल खड्ड्यात, भरपूर पाचोळ्याखाली हाडेसुद्धा हळूहळू मुरतात, फक्त झाकण नीट हवे, एवढे सांगून कार्यकर्त्या तो विषय तिथेच संपवत. गांडुळे वापरायची तर कचरा आधी थंड झालेला लागतो, ताज्या तापलेल्या खड्ड्यात सोडलेली गांडुळे मरतात. पुष्कळ हौशी सोसायट्यांनी हे न विचारता विकतची गांडुळे आणली आणि आठवड्यात गमावली.

हॉटेले, कँटीन, मोठ्या वसाहती यांचा शिजलेल्या अन्नाचा कचरा विटांच्या हौदाला झेपत नव्हता. त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले 'निसर्गऋण' तंत्र उपयोगी पडले. या बायोगॅस संयंत्रात कचरा वाटून, सौर उष्णतेने तापवलेल्या पाण्यात मिसळून, आधी हवा देऊन आणि मग हवेशिवाय कुजवतात. त्यातून जळणाचा वायू मिळतो आणि मागे खत उरते. डॉ. काळे यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. संघटनेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की संयंत्र चालवायला महिलांना शिकवता येते यावर विश्वास ठेवला गेला. गोणी घेऊन फिरणारी बाई व्हॉल्व्ह, दाब, मिश्रणाचे प्रमाण सांभाळू लागली. पाळी, हजेरी, पगार, सुट्टी हे शब्द तिच्या आयुष्यात पहिल्यांदा आले. वर्गीकरण नीट झाले नसेल तर मिक्सरमध्ये चमचा किंवा प्लास्टिक अडकते आणि संयंत्र बंद पडते. त्यामुळे घरातल्या दोन डब्यांचा प्रश्न इथेही सुटत नव्हताच.

याच काळात बचत गटांतून महिलांच्या सहकारी संस्था झाल्या, परिसर भगिनी विकास संघ उभा राहिला. सोसायट्यांशी, संस्थांशी करार या संस्थांच्या नावाने होऊ लागले. त्यांच्या प्रतिनिधी २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेपर्यंत पोचल्या. कचरा जाळण्याच्या प्रकल्पांना मदत देण्याऐवजी तो वेगळा करणाऱ्या हातांना काम द्या, ही जगभरच्या कचरावेचकांची मागणी तिथे मांडली गेली. ज्योतीताईंना २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षीच्या जानेवारीत देवनारला मोठी आग लागली होती. १९२७ पासून कचरा पडत असलेल्या त्या डोंगरात कोंडलेला मिथेन धुमसत राहिला आणि पूर्व उपनगरांवर धूर पसरला. मिथेन येतो कुठून, तर दाबून ठेवलेल्या ओल्या कचऱ्यातून. अठरा वर्षे जिन्या-जिन्यांवर जे सांगितले जात होते ते आकाशात दिसले. आगीनंतर डंपिंगवर पहारा बसला आणि तिथे वेचणाऱ्या बायांची रोजीरोटी एका झटक्यात गेली, याची मात्र फारशी बातमी झाली नाही. एप्रिलमध्ये केंद्राचे नवे घनकचरा नियम आले. २००० च्या नियमांत मुख्य जबाबदारी पालिकेवर होती. नव्या नियमांनी कचरा करणाऱ्यावरच वर्गीकरणाची जबाबदारी टाकली आणि कचरावेचकांची व्याख्या करून त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले. २ ऑक्टोबर २०१७ पासून मुंबई महापालिकेने वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्या सोसायट्यांचा ओला कचरा उचलणार नाही असे जाहीर केले.

स्वयंसेवकांना हा आनंदाचा दिवस वाटला. जे मनधरणी करून होत नव्हते ते नियमाने होणार होते. झालेही थोडेफार. पण नोटीस हातात पडलेली कमिटी घाईत असते, तिला शिकायचे नसते, सुटायचे असते. बाजारात खत करणारी यंत्रे आली. तळघरात बसवायची, वीज लावायची, भुसा आणि पावडर टाकायची, की चोवीस तासांत खत, अशी जाहिरात. चोवीस तासांत कचरा वाळतो आणि त्याचा भुगा होतो, त्याचे खत व्हायला पुढे काही आठवडे मुरवावेच लागते. हे न सांगितल्यामुळे अर्धकच्चा भुगा कुंड्यांत गेला, झाडे पिवळी पडली, यंत्रे बंद झाली. यंत्रावर माणूस ठेवला तो ठेकेदाराचा. ज्यांनी वर्षानुवर्षे हे काम शिकून घेतले होते त्या भगिनींना कित्येक ठिकाणी कोणी विचारलेही नाही. माझ्या मते नियम आला त्या क्षणी आपली बाजू अधिक जोरात मांडायला हवी होती, की खताचा खड्डा आणि तो सांभाळणारी प्रशिक्षित बाई हे एकत्रच घ्यायचे असते.

२०२० च्या टाळेबंदीत गेट बंद झाली आणि बाहेरच्यांना आत येऊ देईनात. काही सोसायट्यांत रहिवाशांनी पहिल्यांदा स्वतः फावडे हातात घेऊन खड्डा वरखाली केला. पुष्कळ घरांत बाल्कनीतल्या मातीच्या कुंडीत खत करणे याच काळात सुरू झाले आणि आजही चालू आहे. चौघांच्या कुटुंबाला तीन कुंड्या पुरतात. एक भरत असते, दुसरी मुरत असते, तिसरीतले खत वापरात असते. संघटनेच्या नव्या स्वयंसेविकांतल्या काही जणी अशा कुंड्यांवरच तयार झाल्या आहेत.

आजची सर्वांत मोठी अडचण पुनर्विकासाची आहे. ज्या चार मजली सोसायट्यांच्या मागच्या अंगणात हौद होते त्या एकामागून एक पाडल्या जात आहेत. नव्या बुरुजांत पोडियमवर गाड्या आणि शोभेची झाडे आहेत, मातीला लागलेली जागा नाही, पाचोळा पाडणारी जुनी झाडे नाहीत. नकाशा मंजूर होतो तेव्हा खताच्या जागेची चौकट दाखवलेली असते, ताबा मिळेपर्यंत तिथे जनरेटर बसलेला असतो. म्हणून विकसकाशी करार होण्याआधीच कार्यकर्त्यांनी कमिटीला गाठायचे आणि तीन गोष्टी लेखी मागायच्या, असे आता ठरवायला हवे. उघड्या हवेतली खताची जागा, सुका कचरा कोरडा ठेवण्याची छपराची खोली आणि देखभाल खर्चात कचरा वेगळा करणाऱ्या महिलेचे किमान वेतन, स्वतंत्र रकान्यात. तिसरी मागणी ऐकून कमिट्या अजूनही दचकतात. वॉचमनचा पगार, लिफ्टची देखभाल, पाण्याच्या टाकीची सफाई यांचे रकाने त्या तक्त्यात पहिल्यापासून आहेत, त्यांच्याच खाली हा एक जोडायचा आहे.